गावात शेतीचं म्युझियम करायलोय, लाकडी नांगर सोडून काय काय ठेवावं?

शिवारातला_बंड्या

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (बेळगावजवळ, येळ्ळूर साईडला म्हणा, नाव सध्या नको, अजून सगळं तोंडी आहे) जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, तिथं गावच्या शेतीच्या जुन्या वस्तू ठेवायच्या असं आम्हा पोरांचं ठरलंय. व्हॉट्सअप ग्रुपवर टाकलं आणि लोकांनी माळ्यावरचं, गोठ्यातलं, परड्यातलं सगळं आणून टाकायला सुरवात केली की ओ. आत्तापर्यंत आलेलं: लाकडी नांगर (एवढे आलेत की आता नको म्हणायलोय), कुळव, चाड्यासकट तिफण, मोटेची चाकं, जाती, उखळ-मुसळ, पायली, शेर, चिपटं, बैलांच्या घुंगुरमाळा, एक इरलं अर्धं उंदरानं खाल्लेलं, आणि गाडीचं एक चाक ज्याच्यावर काच टाकून कुणीतरी टीपॉय केलेला, तो पण परत आला.

आता अडचण अशी की सगळं मांडून बघितलं तर हायवेवरच्या गावरान थाळीच्या हॉटेलासारखंच दिसायलंय. नांगर भिंतीला, कंदील खिळ्याला, झालं म्युझियम? काहीतरी चुकायलंय पण काय ते कळेना. कर्नाटकी बेंदराच्या आधी एक खोली तरी उघडायची आहे. जाणकारांनी सांगा, काय गोळा करावं, कसं मांडावं, आणि लाकूड-लोखंड टिकवायचं कसं.

---

कडोलीचा_मास्तर

बंड्या, काम चांगलं काढलंय. पण यादी वाचून एक विचारतो, रागावू नकोस. यात १९०० सालानंतरचं काय आहे? म्हणजे तुमच्या खोलीत येणाऱ्या पोराला असं वाटणार की शिवाजी महाराजांच्या काळापासून आजोबापर्यंत शेती एकसारखीच चाललेली आणि मग एक दिवस अचानक ट्रॅक्टर आला.

आणि हे बेळगावात व्हावं म्हणजे कमालच. लोखंडी नांगराची गोष्ट आपल्याच शहरात सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, जन्म १८६९, आपल्याच जिल्ह्यातले. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, ती नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ ला लोखंडी नांगर. आणि लोक घेईनात! लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणायचे, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढं म्युनिसिपालिटीला नवीन वसाहतीसाठी जागा पाहिजे झाली, कारखाना हलवायची पाळी आली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडं राहिला तो किर्लोस्कर रोड, तिथं आपण पार्किंग शोधत फिरतो.

तर माझं म्हणणं, पहिली वस्तू लोखंडी नांगर पाहिजे आणि लाकडी नांगर त्याच्या शेजारी, एकच, बाकीचे परत द्या. दोन्ही शेजारी असले की फरक डोळ्याला दिसतो. लाकडी नांगर माती फाडत जातो, उलटत नाही. लोखंडीचा तो वाकडा पत्रा माती उचलून पालथी घालतो, त्यामुळं हरळी आणि कुंदा असलं चिवट तण मुळासकट वर येऊन उन्हात वाळायचा. काळ्या रानात हरळीनं माणसं टेकीला आलेली असायची म्हणून तर शेवटी नांगर खपला. पण तो ओढायला एक जोडी पुरायची नाही, दोन-तीन जोड्या जुंपायला लागायच्या. ज्याच्या गोठ्यात बैलं त्याचं रान आधी निघायचं, बाकीचे पैऱ्यानं (एकमेकांची बैलं आलटून-पालटून घेऊन) नाहीतर भाड्यानं. म्हणजे गावात कोण कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार हे पण त्या नांगरानं बदललं. हे सगळं पाटीवर लिहिता येतं, नुसतं "नांगर" लिहून काय उपयोग?

---

जुनं_ते_सोनं_बेळगाव

मास्तर, माहिती भारी, पण म्युझियममध्ये लोक जुनं बघायला येतात हो. लोखंडी नांगर अजून अर्ध्या गावात गंजत पडलाय, तो बघायला पेट्रोल जाळून कोण येणार? कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम बघा, सगळा जुना गावगाडा, सुतार, लोहार, कुंभार, पुतळे असे की माणूसच बसलाय वाटतं. आमच्या घरची पोरं तिथून निघायला तयार नव्हती. तसं काहीतरी करा.

---

कडोलीचा_मास्तर

गंजत पडलाय म्हणूनच म्हणतो, आत्ता उचला. अजून थोड्या वर्षांत भंगारवाला घेऊन जाईल, मग तुम्हीच म्हणाल अरे एक तरी ठेवायला पाहिजे होता. लाकडी नांगर शोभेचा म्हणून टिकला, लोखंडी किलोवर जातो.

आणि कणेरी ते कणेरी. तेवढे पुतळे करायला तेवढा पैसा आणि कारागीर पाहिजेत, इथं शाळेच्या दोन खोल्या आहेत.

---

जांबोटीची_सून

मी खानापूर तालुक्यातली, लग्न होऊन आता बेळगाव शहरात. दोन गोष्टी सांगते.

एक, तुमच्या आणि आमच्या भाताची हत्यारं वेगळी, ती एकत्र करू नका. येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगाव ह्या पट्ट्यात पावसाच्या आधीच कोरड्या रानात तिफणीनं भात पेरतात, धूळवाफ. आमच्याकडं घाटाच्या कडेला चिखल करून रोप लावायची, तिथं तिफण काय कामाची? कोकणातल्या माणसाला भात तिफणीनं पेरतात म्हटलं तर तो हसतो. मग तिफणीखाली नुसतं "पेरणीचे अवजार" लिहू नका ना, "ह्यानं भात पेरायचे" असं लिहा, ती तुमच्या शिवाराची खासियत आहे. आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. बासमती आणि मसूर हे बेळगावचं जोडपं, ते एका टेबलावर ठेवा. बी मिळेल तेवढ्या जातींचं ठेवा, बासमती, जिरेसाळ, इंटाण, काचेच्या बरणीत, पण दर सुगीला बदला नाहीतर पोरकिडे होतील.

दुसरं म्हणजे इरलं. उंदरानं खाल्लेलं असलं तरी ठेवा, पण त्याच्या बाजूला युरियाच्या पोत्याची खोळ लावा. हसू नका. इरलं पाठीवर घेऊन वाकून लावणी करणाऱ्या बाया मी लहानपणी बघितल्या, आणि मग बघता बघता सगळ्यांच्या डोक्यावर खताचं पोतं आलं, एक कोपरा आत दुमडला की झाली खोळ. हलकं, फुकट, वाळायची चिंता नाही. इरली विणणाऱ्यांचा धंदा त्यानंच बसला. रासायनिक खत गावात आलं हे दाखवायला ह्याच्यापेक्षा चांगली वस्तू मला तरी सुचत नाही. पोत्याच्या उशा आणि पिशव्या पण शिवल्यात आमच्या आजीनं.

तिसरं राहिलंच. यादीत बायकांचं जातं आणि उखळ एवढंच दिसलं. खुरपं कुठाय? विळा कुठाय? सूप, रोळी, बुट्टी? बियाणं कोण राखायचं, राखेत कालवून मडक्यात तोंड लिंपून कोण ठेवायचं? पुरुषांची अवजारं भिंतीवर आणि बायका स्वयंपाकघरात असं म्युझियम करणार असाल तर मी बघायला येणार नाही 😀

---

शिवारातला_बंड्या

खोळीचा मुद्दा आवडला, आजच आणतो, आमच्याच गोठ्यात आहे. खुरप्याचं पण खरं आहे, कुणी आणून दिलं नाही कारण खुरपं अजून वापरात आहे 😀 नवीन घेऊन देतो आणि जुनं मागून घेतो.

---

रीडिंगमधला_वडगावकर

मी सध्या इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो. इथल्या विद्यापीठानं १९५१ साली इंग्लिश रूरल लाइफचं म्युझियम काढलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरनं घोडे हटवले त्याच वेळी. सकाळी घोडा विकला आणि दुपारी म्युझियमवाले खोगीर न्यायला आले असा प्रकार, म्हणून त्यांना वस्तू पण मिळाल्या आणि ती वापरणारी माणसं पण जिवंत मिळाली. मास्तर म्हणतात ते "आत्ता उचला" हेच.

बघण्यासारखं म्हणजे तिथं शेतातल्या चारचाकी गाड्यांची रांगच्या रांग आहे, प्रत्येक परगण्याची वेगळी, कुठं चाक रुंद, कुठं पेटी उथळ, जमीन आणि चढ-उतार बघून सुतारानं केलेली. आपल्याकडं खानापूरच्या लाल मातीतली गाडी आणि अथणीच्या काळ्या रानातली गाडी शेजारी ठेवून कुणी बघितलंय का?

पण मला जास्त पटलं ते वेगळंच. त्यांनी नुसती अवजारं नाही ठेवली, अवजारं करणाऱ्या कंपन्यांची दप्तरं घेतली. रॅन्सम्स नावाची नांगर करणारी जुनी कंपनी, तिचे कॅटलॉग, नकाशे, फोटो सगळं तिथं आहे. आणि फोटोंचं तर असं झालं की २०१८ ला त्यांनी ट्विटरवर एका दांडग्या मेंढ्याचा जुना फोटो टाकला आणि तो जगभर फिरला, ज्यांना शेतीशी काही घेणंदेणं नाही ते पण म्युझियमचं नाव घ्यायला लागले. तेव्हा बेंदराला सजवलेल्या बैलांचे घराघरातले जुने फोटो स्कॅन करा, खर्च शून्य. फोटोच्या मागं कोण, कुठलं साल, बैलाचं नाव काय ते विचारून लिहा. बैलाचं नाव लोक बरोबर सांगतात, सालाला अडखळतात.

---

निपाणीकर_पाटील

आमच्या भागात म्युझियम करायचं तर नांगरापेक्षा कागद जास्त निघतील. तंबाखू. १९४३ पासून तंबाखूवर केंद्राची एक्साइज ड्युटी होती, म्हणजे स्वतःच्या रानात पिकवलेला माल हलवायला पण परवाना, इन्स्पेक्टर येणार, माल मोजणार. १९७९ च्या बजेटात कच्च्या तंबाखूवरची ड्युटी गेली. त्या काळातली परमिटं, पावत्या जुन्या वखारींच्या ट्रंकेत अजून आहेत. लोक होळीला जाळतात.

आणि १९८१ चं आंदोलन. शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बेंगलोर हायवेवर बैलगाड्या घेऊन बसलेले, भाव द्या म्हणून, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. ते बघितलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवा ओ कुणीतरी. शेतीच्या म्युझियममध्ये शेतकऱ्याचं भांडण नको का? सगळीकडं नुसतं हिरवंगार.

वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांची चाळण आणि नाकाला बांधायचं फडकं, ही पण शेतीचीच हत्यारं धरा. जांबोटीच्या ताई खूश होतील.

---

जुनं_ते_सोनं_बेळगाव

आता म्युझियममध्ये राजकारण पण आणा, मग पुढच्या आठवड्यात सीमाप्रश्न, मग कुलूप.

---

निपाणीकर_पाटील

तंबाखूला भाव मागणं ह्यात कसलं राजकारण? मराठी, कन्नड दोन्ही शेतकरी रस्त्यावर होते.

---

मोजणी_रिटायर्ड

कागदाचा विषय निघालाय म्हणून. शक्य झालं तर मोजणीची साखळी मिळवा. आमच्या मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. आजही लोक बांधावर "दोन आणे माझे खाल्ले" म्हणून भांडतात ते आणे ह्याच साखळीतले, पैशातले नव्हे. साखळी उन्हात तापली, ताणली गेली, कड्या झिजल्या की फरक पडायचा, आणि मग मोजणीदाराच्या नावानं बोंब.

उतारे आणि नकाशे झेरॉक्स करून लावा, मूळ कागद घरातच राहू दे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यानंतर म्हैसूर राज्यात. एकाच सर्व्हे नंबरचे कागद ओळीनं लावले की आधी मोडी, मग बाळबोध मराठी, मग कन्नड. वर टिपणी काही नको, बघणाऱ्याला कळतं. आणि १९७४ च्या जमीन सुधारणा कायद्याच्या दुरुस्तीनंतर जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून कुळांनी भरलेला सात नंबरचा फॉर्म. तो मिळाला तर काचेत ठेवा. गावात कितीतरी घरांची पहिली स्वतःची जमीन त्या कागदानं आली, आणि काही घरांची त्याच कागदानं गेली, त्यामुळं लावताना दोन्हीकडच्या लोकांना विचारून लावा. हे अनुभवाचे बोल.

---

पोपटलेला_रंधा

सुतार आहे, तीन पिढ्या. टिकवायचं कसं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो.

१) रंग देऊ नका. ऑइल पेंट तर अजिबात नको, वॉर्निश पण नको. रुमण्याला (नांगराच्या मुठीच्या दांड्याला) हात घासून जी चकाकी आलीय ती चाळीस वर्षांची आहे, तिच्यावर ब्रश फिरवला की संपलं. कोरड्या कापडानं पुसा, खाचेतली माती मऊ ब्रशनं. काही ठिकाणी माती राहिली तर राहू दे.

२) भुंगा. लाकडाखाली बारीक पिवळं पीठ पडलेलं दिसलं की समजा आत किडा जिवंत आहे. अशी वस्तू बाकीच्यांपासून लगेच बाजूला काढा. नवीन आलेली प्रत्येक वस्तू आधी बाहेर व्हरांड्यात ठेवा, पीठ पडतंय का बघा, मगच आत घ्या. डायरेक्ट आत घेतली तर एका नांगरानं सगळी खोली खाल्ली जाईल.

३) जमिनीवर आणि भिंतीला चिकटून काही नको, वाळवी भिंतीतूनच येते. फरशीचे तुकडे नाहीतर लोखंडी स्टँड. शाळेच्या खोल्या म्हणजे कौलं, पावसाळ्यात गळणार, ते आधी बघा, वस्तू नंतर.

४) लोखंड घासून चांदीसारखं करू नका. सुटा गंज तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं काढा, पूर्ण वाळवा, वर मेणाचा पातळ हात. पाणी लावून धुणारे पण बघितलेत मी.

५) नंबर टाकायचा तर खिळ्यानं कोरू नका. न दिसणाऱ्या जागी पारदर्शक लाखेचा बोटभर पट्टा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईनं नंबर, त्यावर परत लाख. उद्या काढायचा झाला तर निघतो.

मोटेचं चामडं कुणी आणलं तर आधी मला विचारा. वाळून कडक झालेलं चामडं सरळ करायला गेलं की तुटतं, आणि तेल पाजायला जातात लोक, ते तर करूच नका.

---

शिवारातला_बंड्या

रंधा दादा, एका नांगराला पोरांनी परवाच चॉकलेटी ऑइल पेंट मारलाय 🤦 बाकीचे वाचले. नंबरचं साल आणि अनुक्रम असं करतो, म्हणजे कुठल्या साली आली ते नंबरातच कळेल.

चामड्याची मोट अजून एक पण आली नाही. चाकं आलीत, नाडा आलाय, मोट नाही. का कुणास ठाऊक.

---

हलग्याचा_नातू

का ते मी सांगतो. मोट कुणाच्या घरात टिकेल? ज्याची विहीर त्यानं चाक ठेवलं कारण ते लाकडाचं, दिसायला छान. मोट चामड्याची, ती गोठ्यात पण लांब टांगायचे. आणि ती शिवणारा, तेल-चरबी लावून मऊ ठेवणारा आमचा आजा. त्याला वर्षाला बलुतं मिळायचं, खळ्यावर सगळ्यात शेवटी. इंजिनं आली, मोटा बंद झाल्या, तसं बलुतं बंद झालं. पाणी उपसायला आता तुझी गरज नाही म्हटल्यावर आजा आणि त्याचे भाऊ बेळगावात हमालीला आले. आमचं घर शहरात का आहे ह्याचं उत्तर ते इंजिन आहे.

ह्याचा राग नाही मला, आज्याला पण नव्हता, तो म्हणायचा सुटलो. पण बारा बलुतेदारांचे हसरे पुतळे आणि वर "स्वयंपूर्ण गाव" अशी पाटी बघितली की मला हसू येतं. कुणाला काय मिळायचं, किती पायल्या, ते लिहा. तुमच्याकडं पायली आहे ना यादीत? मग त्या पायलीनं मोजून कुणाला किती दिलं ते शेजारी लिहिलं की झालं. गावात विचारलं तर आकडे सांगणारी म्हातारी माणसं आहेत, देणाऱ्याच्या घरात वेगळा आकडा निघेल आणि घेणाऱ्याच्या घरात वेगळा, दोन्ही लावा.

आज्याची आरी आणि रापी आहे माझ्याकडं. मोट नाही. हत्यारं देईन, पण "चर्मकला" असलं काही लिहू नका, त्याचं नाव लिहा आणि मोट शिवायचा एवढंच लिहा.

---

कडोलीचा_मास्तर

नातवा, ह्या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तू लिहिलंस.

बंड्या, मग आता इंजिन मिळव. मोटेचं चाक, शेजारी नातवाच्या आज्याची आरी-रापी, शेजारी डिझेल इंजिन, त्याच्या शेजारी पाच एचपीची मोटर आणि स्टार्टरची पेटी. किर्लोस्करांचा पंप १९२६ चा, पुण्यात इंजिनाचा कारखाना १९४६ चा, पण आपल्या विहिरींवर इंजिनं खऱ्या अर्थानं आली ती भूविकास बँकेची कर्जं मिळायला लागल्यावर. म्हणजे कर्जाचं पासबुक पण त्याच टेबलावर. एका भिंतीत विहिरीचा सगळा इतिहास होतो. आणि आयपी सेटला (शेतीच्या पंपाला) रात्रीची थ्री-फेज मिळते म्हणून रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाणारा माणूस, तो पण त्याच ओळीत बसतो, त्याची बॅटरी ठेवा.

---

जुनं_ते_सोनं_बेळगाव

बरं, पटलं थोडं. इंजिन सुरू करून दाखवलं तर पोरं थांबतील, हँडल मारून, धूर काढत, टुक टुक. पण बैलगाडी पाहिजेच हं, फोटो काढायला तरी.

---

सदलगा_एक्सप्रेस

आमच्याकडं वडिलांचं इंजिन आहे, पेटर कंपनीचं, विहिरीवर मोटर बसल्यापासून तसंच शेडमध्ये, फिरत नाही, जाम झालंय. हँडल पण आहे. पट्ट्याची पुली कुणीतरी नेली. द्यायला तयार आहे, अट एकच, विकायचं नाही आणि परत पाहिजे झालं तर परत. वडिलांच्या कर्जाचे हप्ते भरलेल्या पावत्या आईनं पिशवीत बांधून ठेवल्यात, त्या मूळ नाही देणार, झेरॉक्स घ्या. वजनदार आहे, चार माणसं आणि टेम्पो लागेल, चिक्कोडीकडून आलात तर गावात शिरायच्या आधी डावीकडं वळा, बाकी मेसेज करतो.

---

शिवारातला_बंड्या

येतो की. देणगी का उसनं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेऊ, नंतर भावाभावांत नको. टेम्पो मित्राचा आहे, रविवारी रिकामा असतो. रंधा दादा, जाम झालेलं इंजिन सोडवायला डिझेल ओतून ठेवू का, की तसंच राहू दे?

---

पोपटलेला_रंधा

ते लाकूड नाही, मला विचारू नका 😀 बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, जुने फिटर आहेत, एकाला घेऊन जा बरोबर.